चौथं कलम

“राख कोरडीच काढायची. पाण्याचा थेंब लावायचा नाही, कळलं? कितीही उडू दे, कितीही ठसका लागू दे. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, शिडीवरूनच ओढायची, आणि दोन्ही अंगांनी सारखी. मी तासाभरात येतो.”

दादा हे बोलला तेव्हा त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. एका पायात बूट चढवून तो दुसरा बाकाखाली शोधत होता. त्यामुळे तिला ऐकू आला तो वाकलेल्या माणसाचा, पोटाशी दबलेला आवाज. अकरा वर्षं तो तसाच वाकलेला राहिला. रोज सकाळी उठल्यावर, कुणाशी एक शब्द बोलण्याआधी, ती हे सगळं मनातल्या मनात एकदा म्हणत असे. तिचा तो नेम होता. ताप असो, प्रवास असो, चुकवला नव्हता. आज पहाटेही म्हटलं होतं, आणि खिडकी उघडून पाहिलं तर समोरच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उभ्या सायकलींवर, सगळीकडे राखाडी साय धरली होती. अकरा वर्षांपूर्वी वारा उलटा होता. तेव्हा राख ओकणाऱ्या डोंगरानं तिचं गाव घेतलं आणि या शहरानं फक्त बातमी वाचली. आता वारा फिरला होता. आणि आत्ता, दुपारचे साडेबारा वाजलेले असताना, दिवे लावलेल्या या हॉलमध्ये, दादाचा आवाज पुन्हा आला तो साहेबांचं बोट तिच्या मेजावरच्या कार्डावर टकटक वाजलं तेव्हा. दोनदाच वाजलं. साहेब खुर्चीमागून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बाई, चौथं कलम गाळताय तुम्ही. चार फोन झाले, मी लाइनवर ऐकतोय. सातही कलमं वाचायची. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, आपल्या मर्जीचा नाही.”

मदतकक्षात आठ फोन होते आणि आठ पिवळी कार्डं, घामट हातांनी खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेली. पहिलं कलम दारं-खिडक्या बंद ठेवण्याचं, दुसरं नाकातोंडाला ओलं फडकं बांधण्याचं, तिसरं पिण्याचं पाणी झाकण्याचं. ही तीन बरोबर होती. पाचवं, सहावं, सातवंही ठीकच होतं. चौथं असं होतं : ‘छतावर साचलेल्या राखेवर प्रथम पाणी मारून ती बसवून घ्यावी व नंतर काढावी.’ ज्यानं कुणी हे लिहिलं तो नीटनेटक्या घरातला असणार. अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं, हे त्याला त्याच्या आईनं शिकवलेलं असणार. राख म्हणजे दळलेला दगड, ती पाणी पिऊन दुप्पट होते आणि मग छपरावर डोंगर येऊन बसतो, हे त्याला कुणी शिकवलं असतं? सकाळपासून चार फोनांना ती तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर गेली होती. उडी इतकी मऊ की पलीकडच्याला पायरी चुकल्याचं कळूही नये. तिचा आवाजच तसा. कचेरीत तिला हळूबाई म्हणत. चाळीसजणींतून तिला निवडताना मुलाखतीतले एक गृहस्थ म्हणाले होते, “संकटात असाच आवाज हवा. ऐकून माणूस निम्मा शांत होतो.” शांत. हा शब्द आठवला की तळपायाची आग मस्तकात जाई. लोकांना शांत करण्यासाठी आपल्याला पगार मिळतो, आणि आपण तो घेतो.

साहेब हटले नाहीत. कानाला यंत्र लावून मागच्या खांबाशीच उभे राहिले. फोन वाजला.

“हॅलो, मदतकक्ष.”

“कोण, पोरगी की टेप?”

“माणूसच आहे, काका. बोला.”

“नशीब! मघाशी टेप लागली होती, ती म्हणत होती तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला असं घरातलंसुद्धा कुणी बोललं नाही.”

त्याच्या मागून एक म्हातारा, चिरका, पण चांगला दणकट बायकी आवाज आला, “खोटं बोलतोय गं तो! लग्नाआधी मी म्हटलं होतं एकदा!”

“ही आमची मंडळी,” म्हातारा म्हणाला. “चार वर्षं खाटेवर आहे, पण कान दारोदार हिंडतात. मी घड्याळजी. म्हणजे होतो. आता घड्याळं कुणी दुरुस्त करत नाही, टाकून देतात. बरं, ते राहू दे. आम्ही वरच्या खोलीत राहतो, गच्चीवरच्या. खालचे सगळे कुलपं लावून पळाले. डोक्यावर पत्रा आहे. राख बसलीय दोन बोटं, अजून पडतेय, आणि पत्रा मधेच करकरतो. काढू का? कशी काढू? तू सांग, मी लिहून घेतो. हातात पेन्सिल आहे.”

हातात पेन्सिल आहे, म्हणाला. तिनं पहिलं कलम वाचलं. दुसरं वाचलं. म्हातारा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत लिहीत होता, “...ओलं... फडकं...” तिसरं वाचलं. मग ती थांबली. मागच्या खांबाशी साहेबांच्या घशातून नुसतं ‘हं’ असं आलं. एवढंसं. शाळेत नापास झालेल्या मुलीला वर्गाबाहेर काढताना बाई जसं करतात तसं. आणि तिनं चौथं कलम वाचलं. अक्षर न् अक्षर, स्वच्छ, मऊ आवाजात.

“पाणी मारू?” म्हातारा खूश झाला. “हे बरं झालं. टाकी भरलेली आहे. धूळही बसेल, हिला दम्याचं आहे. देव तुझं भलं करो, पोरी.”

नोंदवहीत पत्ता आणि नंबर लिहून घेताना तिचं अक्षर अजिबात हललं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

ती उठली. पाय तिला बाथरूमकडे घेऊन गेले. नळ सोडला तर आधी हवा आली, मग करडं पाणी, आणि बेसिनच्या तळाशी वाळूची बारीक रेघ साचली. दातांखाली कचकचलं. ही कचकच तिला चांगली ओळखीची होती. दोन महिने छावणीत भातात, पाण्यात, झोपेत तीच होती. गावातल्या गाई राखेनं माखलेलं गवत खाऊन खाऊन दात झिजवून बसल्या आणि पुढ्यात चारा असून उपाशी मेल्या. नदी खिरीसारखी घट्ट झाली आणि त्यात मासे पोट वर करून, चिखलात रोवल्यासारखे अडकून राहिले. फळबागांची झाडं राखाडी छत्र्या मिटल्यासारखी खांदे पाडून उभी होती आणि कुठंही, कुठंही पाखराचा आवाज नव्हता. आणि अशा वेळी छावणीतल्या टीव्हीवर कुणी एक तज्ज्ञ, इस्त्रीच्या शर्टात, हसून म्हणाला होता की दीर्घकालीन विचार केल्यास ही राख जमिनीला वरदानच ठरते. दीर्घकालीन म्हणजे किती रे बाबा? तुझ्या नातवाला गाजरं मिळावीत म्हणून माझा दादा? तेव्हाही ती काही बोलली नव्हती. तेव्हाही ती हळूबाईच होती. मदत म्हणून आलेल्या कपड्यांच्या ढिगातून तिच्या वाट्याला उंच टाचांचे सोनेरी बूट आले होते, आणि ते देणाऱ्या बाईला ती म्हणाली होती, “छान आहेत हो.”

त्या दिवशी दादाच्या गाडीत दूध नव्हतं. एरवी तो दुधाची गाडी चालवायचा. त्या दिवशी वरच्या वस्तीतली माणसं उतरवायला निघाला होता. आदल्या संध्याकाळी डेअरीची शेड त्यानं डोळ्यांदेखत खाली येताना पाहिली होती. कुणीतरी पाइपनं धुवायला घेतली होती, म्हणून त्याला ठाऊक. तो गेला आणि ही शिडी लावून चढली. वीतभर राख होती. लांब दांड्याचं फावडं पहिल्यांदा ओढलं तशी ती लोंढ्यासारखी खाली आली आणि धुराळा खिडकीच्या फटीतून आत शिरला. आतून आईचा खोकला. खोकला थांबेना. मग आईची हाक, “अगं, जरा पाणी मार गं तिच्यावर! मारतेस का मला?” ही म्हणाली, “दादा नको म्हणालाय.” आई म्हणाली, “दादाला काय कळतंय झाडलोटीतलं!” आणि ते खरंच होतं. झाडलोटीतलं दादाला काही कळत नव्हतं. तिनं पाइप वर ओढून घेतला. इथंच तिची आठवण दर वेळी दाताखाली खडा यावा तशी अडखळते. कारण पाणी मारताना तिला बरं वाटलं होतं. दोन दिवसांनी पहिल्यांदा श्वास नीट आला. राख काळी पडत गेली, गुळगुळीत झाली, सारवल्यासारखी. पत्रा आवाज करायचा थांबला. तिला वाटलं, शांत झाला. एक कोपरा झाला म्हणून दुसरा, तिसरा. अख्खं छप्पर तिनं नीट, एकसारखं, कुठं कोरडं राहू न देता भिजवलं. तिच्या हाताला वळण होतं. कुठलंही काम ती अर्धवट ठेवत नसे.

दादा आला तो गाडी चालू ठेवूनच धावत आला. शिडीवरून तिला त्यानं पायाला धरून खाली ओढलं, शिवी दिली—आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची—आणि आत गेला. आई दारातून बाहेर फेकल्यासारखी आली, हातात गरम पाण्याचा पेला तसाच. मग एक आवाज झाला. तिला वाटलं होतं कडाडेल, मोडेल. तसं काही झालं नाही. ओल्या चिखलात कणगी बसावी तसा, जड, बुळबुळीत, एकदाच. बस.

छावणीतल्या तंबूत पंचनाम्याचा अधिकारी बसला होता. भला माणूस होता. त्यानं तिला आधी पाणी दिलं. “छप्पर किती वर्षांचं?” त्यानं विचारलं. “बावीस,” ती म्हणाली. त्यानं लिहिलं, जीर्ण. “आणखी काही सांगायचंय?” तेव्हा आईचा हात तिच्या पाठीवर होता. पंजा उघडा, उबदार, आणि बोटं मणक्यांवर दाबलेली. रात्रीच तिनं शपथ घातली होती. माझ्या गळ्याची आण आहे, कुणापाशी तोंड उघडशील तर. जायचा तो गेला. तुझं आयुष्य आहे पुढं. “नाही,” ती म्हणाली. अधिकाऱ्यानं सही घेतली आणि मान हलवून म्हणाला, “निसर्गापुढं कुणाचं चालतं?” या वाक्याचा तिनं अकरा वर्षं जितका द्वेष केला तितका कुठल्या माणसाचा केला नव्हता. कारण त्यात तिला निर्दोष सोडून दिलं होतं. सगळ्यांनीच सोडून दिलं. वहिनी माहेरी निघाली तेव्हा हिला पोटाशी धरून रडली, “तू तरी वाचलीस गं.” आई मरेपर्यंत त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. फक्त फरशी झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं तिनं कायमचं सोडलं. धूळ उडे, खोकला येई, खोकत झाडत राही. दोघी एकाच खोलीत दोन वर्षांपूर्वीपर्यंत राहत होत्या आणि खोकल्याशिवाय त्यांच्यात खरं असं काही बोलणं झालं नाही.

बेसिन तुंबलं होतं. तिनं नळ बंद केला. आरशात पाहावंसं वाटलं नाही. ती स्वतःशीच बोलल्यासारखी पण मोठ्यानं म्हणाली, “काय गं, मनातल्या मनात रोज म्हणतेस. मनातल्या मनात म्हणून कुणाचं छप्पर तरलं?” तो आपलाच आवाज आहे हे कळायला तिला क्षण लागला. त्याला धार होती.

हॉलमध्ये परत आली तर फळ्यावर खडूनं नवी सूचना होती. दुपारी चारनंतर जोरदार पावसाची शक्यता. खाली कुणीतरी हौसेनं लिहिलं होतं, हवा स्वच्छ होईल. एक वाजून गेला होता. ती जागेवर न जाता सरळ साहेबांच्या काचेच्या खोलीत शिरली. दार न वाजवता. साहेब डबा उघडून बसले होते, पण जेवत नव्हते, नुसते बघत होते.

“चौथं कलम काढा,” ती म्हणाली. “ओली राख दुप्पट जड होते. पत्रे खाली येतील. आणि चारला पाऊस आहे. पाऊस पडायच्या आत कोरडी काढली पाहिजे, नाहीतर माणसं तरी छपराखालून काढली पाहिजेत.”

“बसा बाई. पाणी घ्या.”

“पाणी नको.”

साहेबांनी डबा मिटला. दोन रात्री झोपलेले नव्हते, डोळ्यांच्या कडा लाल होत्या. “हे बघा, मी काही राक्षस नाही. कार्ड वरून आलंय. मी माझ्या मनानं कलम बदललं आणि उद्या कुणी शिडीवरून पडून मेलं, तर पहिला मी लटकणार. पुरावा द्या मला. तुमच्याच भागाचा अहवाल आहे माझ्याकडे, मागच्या वेळचा. सकाळीच काढून ठेवलाय.” त्यांनी जाडजूड फाइल तिच्याकडे फिरवली. “एकशे बारा घरं पडली. कारणांचा रकाना बघा. वाचा तुम्हीच.”

तिनं वाचलं. जीर्ण छप्पर. जीर्ण छप्पर. जीर्ण छप्पर. पानामागून पान तोच शब्द, आधी पूर्ण, मग लिहिणाऱ्याचा हात दुखायला लागला असावा, नुसतंच जीर्ण, आणि शेवटी ‘वरीलप्रमाणे’ म्हणून नुसती दोन टिंबं. सत्तेचाळिसाव्या ओळीत तिची सही होती, गोल, वळणदार, तेव्हाची.

“आहे का कुठं पाणी?” साहेब म्हणाले. “एकशे बारांत एकानंही सांगितलेलं नाही. मग मी काय तुमच्या स्वप्नावर शहर चालवू?”

ती ओळींकडे बघत राहिली. हे घर नळाच्या कोपऱ्यावरचं. नवीन होतं, तीन वर्षांचं. त्याला जीर्ण? हे मास्तरांचं. मास्तरांच्या घरी पाइप होता, हिरवा, शेजारपाजारचे मागून नेत. हे शिंपिणीचं. या प्रत्येक ओळीच्या मागं तंबूत कुणीतरी खाली मान घालून उभं होतं आणि त्याच्या पाठीवर एक उबदार हात होता. सगळं गाव एका रात्रीत शहाणं झालं होतं आणि सगळ्या गावानं तो शहाणपणा गिळून टाकला होता. एकमेकांना वाचवायला, आपल्या माणसाला कुणी बोल लावू नये म्हणून. मायेनं. आणि त्या मायेतून, बरोबर त्याच मायेतून, आज हे पिवळं कार्ड तयार झालं होतं. अकरा वर्षं ती डोंगरावर चिडली होती, तज्ज्ञावर चिडली होती, सोनेरी बुटांवर चिडली होती. कार्ड लिहिणाऱ्याला सकाळपासून मनात शिव्या घालत होती. तो बिचारा काय करील? त्यानं अहवाल वाचला असेल. अहवालात तीच होती. सत्तेचाळीस नंबरला.

“ही सही माझी आहे,” ती म्हणाली. “ही खोटी आहे. पाणी मी मारलं होतं.”

साहेबांनी विचारलं, “हे तुम्ही लेखी द्याल?”

“देईन. पण आधी पथक पाठवा. मघाचा एक फोन आहे, म्हातारा-म्हातारी, गच्चीवरची खोली.”

“पडलीय?”

“नाही अजून.”

“पथक पडलेल्या घरांसाठी आहे, बाई,” साहेब थकून म्हणाले. “न पडलेली घरं शहरात दीड लाख आहेत.”

म्हणजे आधी पडू द्या, मग नोंद करू. हे तिनं मनात म्हटलं नाही, तोंडानं म्हटलं, आणि कागद घेऊन उभ्या-उभ्याच तीन ओळी लिहून, सही करून त्यांच्या डब्यावर ठेवला. सही आता पूर्वीसारखी गोल येत नाही, असं तिच्या लक्षात आलं.

शेजारच्या खुर्चीवर भोंगा बसायचा. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं, बाकी कुठं नाही. तो बोलला की खिडक्यांची तावदानं हलत. कचेरीत म्हणायचे, याला फोन कशाला हवा, नुसता गच्चीत उभा करा. “काय हळूबाई,” तो म्हणाला, “साहेबांनी कच्चं खाल्लं की भाजून?”

“भोंग्या, माझा भाऊ छपराखाली गेला, ठाऊक आहे ना तुला?”

“आहे की. छप्पर जुनं होतं.”

“छप्पर चांगलं होतं. मी पाणी मारलं.”

भोंग्याचं तोंड मिटलं. ते मिटलेलं तिनं प्रथमच पाहिलं. फोन वाजत होता, त्यानं उचलला नाही. “किती?” त्यानं विचारलं, हळू, तिच्याहून हळू.

“सगळं. एक कोपरा सोडला नाही.”

“आणि या कार्डात...”

“तेच लिहिलंय.”

सांत्वनाचं काही बोलला असता तर तिनं नोंदवही त्याच्या डोक्यात घातली असती. त्यानं खणातून काळा मार्कर काढला, आपल्या कार्डावरचं चौथं कलम आडवं खोडलं, मग तिच्या कार्डावरचं, मग उठून पलीकडच्या सहा जणींचं, एकीनं “अहो अहो” केलं तरीही. आणि वाजणारा फोन उचलून असा ओरडला की काचेआड साहेब उठून उभे राहिले, “छतावर पाणी मारायचं नाही! कोरडी काढा! नाही जमलं तर घराबाहेर पडा, पक्क्या इमारतीत जा! काय? कुणी सांगितलं? मी सांगतोय!”

साहेब दारात आले. हातात तिचा कागद होता. ते पुढं आले नाहीत आणि मागंही गेले नाहीत.

तिनं नोंदवहीतला नंबर फिरवला. सहा वेळा वाजलं.

“मीच बोलतेय काका. मघाची.”

“अगं, बरं झालं केलास! सात बादल्या मारल्या. उडायची बंद झाली बघ. फक्त पत्र्याला पोट सुटलंय, माझ्यापेक्षा मोठं.”

“आता एक थेंब मारू नका. मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

“होतं गं, माणूस आहे...”

“नाही. चुकून नाही सांगितलं. मला ठाऊक होतं की हे चूक आहे. तरी सांगितलं.”

मग म्हातारा बोलला. त्याच्या आवाजातली गंमत कुणी चिमटीनं उचलून नेल्यासारखी झाली होती. “ठाऊक होतं?”

“हो.”

“मग का गं?”

“मागं साहेब उभे होते.”

“साहेब उभे होते,” तो म्हणाला. “इथं माझी बायको आडवी आहे. तिला वळायचं तरी मी वळवतो. साहेब उभे होते म्हणे. समोर असतीस ना, तर या वयात तुझ्या थोबाडीत मारली असती.”

तिला ते ऐकताना छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. अकरा वर्षांत कुणी तिच्यावर चिडलं नव्हतं. मागून तोच दणकट चिरका आवाज आला, “आधी येऊ तर दे तिला समोर, मग मार!”

“मी येते,” ती म्हणाली.

“कुठं येतेस? बस बंद आहे. समोरचं दिसत नाही.”

“चालत येते. आत्ता दोनला दहा कमी आहेत. पाऊस चारचा आहे, लवकरही येईल. तीनच्या आत मी तुमच्या जिन्यात आहे. नीट ऐका. वर चढायचं नाही, छपराला काठीसुद्धा लावायची नाही. काकूंची खाट मधून ओढून दाराच्या चौकटीशी आणा, एका वेळी एक पाय सरकवत. जाड चादर काढून ठेवा. आपण दोघं त्यांना चादरीत घालून खालच्या जिन्यात आणू. छप्पर राहिलं तर मग बघू त्याचं.”

“तुला झेपेल? भारी आहे ती.”

“मी ऐकतेय हो!” मागून आवाज आला.

“झेपेल,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं विचारलं, “साहेब आता कुठं आहेत?”

“मागंच उभे आहेत.”

“बरं,” तो म्हणाला. “शब्द देतेस?”

“देते.”

तिनं फोन ठेवला. खुर्चीवरचा रुमाल माठात बुडवून पिळला. भोंग्यानं काही न विचारता आपला मोटरसायकलीचा चष्मा तिच्यापुढं सरकवला आणि तिचा वाजायला लागलेला फोनही ओढून घेतला, एक या कानाला, एक त्या. साहेबांच्या बाजूनं जाताना ते म्हणाले, “बाई, ड्युटी...” ती थांबली नाही. राग उतरला नव्हता. सात बादल्या कुठं उतरतात? पण तो आता इकडेतिकडे धावत नव्हता, त्याला एक पत्ता मिळाला होता.

खाली फाटकाशी पहारेकरी गोणपाट पांघरून बसला होता. भर दुपारी गाड्या दिवे लावून, गोगलगायीच्या चालीनं जात होत्या आणि त्यांच्या चाकांचा आवाज येत नव्हता.

“अशा राखेत कुठं निघालात, बाई? सुट्टी झाली?”

“नाही.”

“मग? कुणी आजारी वगैरे?”

“एकांना माझ्या थोबाडीत मारायचीय,” तिनं रुमाल बांधता बांधता सांगितलं. “वाट बघताहेत.”

पहारेकऱ्याला हसावं की नाही कळेना. तिनं चष्मा चढवला, पदर कमरेला खोचला आणि ती चालायला लागली. रस्त्याच्या मधोमध, कारण कडेच्या पत्र्यांचा काही भरवसा नव्हता.